बोला, पण कुणाशी तरी

बोलून बोलून फ्रँक कॉनरॅड कंटाळले होते. पिट्सबर्गला खेटून असलेल्या विल्किन्सबर्गमध्ये, घरामागच्या गॅरेजच्या माडीवर त्यांनी आपलं बिनतारी केंद्र थाटलं होतं. वेस्टिंगहाऊस कंपनीतली मोठ्या हुद्द्याची नोकरी सांभाळून संध्याकाळी ते इथे येऊन बसत. महायुद्धामुळे अडीच वर्षं बंद असलेली हौशी केंद्रं १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये नुकतीच खुली झाली होती. नव्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरची चाचणी घ्यायची म्हणजे माइकसमोर काहीतरी बोलत राहायचं आणि लांबच्या हौशी मंडळींनी 'स्पष्ट येतंय, अस्पष्ट येतंय' असं कळवायचं, असा शिरस्ता होता. १७ ऑक्टोबरला कॉनरॅड यांनी घशाला जरा आराम दिला. घरातला ग्रामोफोन उचलून माइकपाशी ठेवला, वर तबकडी चढवली आणि स्वतः गप्प बसले.

पुढच्या काही दिवसांत पत्रांचा पाऊस पडला. यंत्राबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. सगळ्यांना आणखी गाणी हवी होती. एकेकाची फर्माईश पुरवणं अशक्य झालं तेव्हा कॉनरॅड यांनी जाहीर करून टाकलं, की दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी दोन तास संगीत लावलं जाईल. घरातल्या तबकड्या लवकरच संपल्या. गावातल्या हॅमिल्टन म्युझिक स्टोअरनं नव्या तबकड्या उसन्या दिल्या, अट एकच: दुकानाचं नाव घ्यायचं. थोड्याच दिवसांत दुकानदाराच्या ध्यानात आलं, की कॉनरॅड जी तबकडी वाजवतात तिलाच जास्त गिऱ्हाईक येतं. कॉनरॅड बाहेरगावी असले की त्यांची दोन पोरं माइक सांभाळत.

या सगळ्यात कायदा कुठे मोडला? तर कुठेच नाही, आणि पुढच्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेतला रेडिओचा कायदा १९१२ चा. 'टायटॅनिक' बुडाल्यावर चारच महिन्यांत तो झाला. समुद्रावरच्या संदेशांत हौशी पोरं लुडबुड करतात अशी नौदलाची जुनी तक्रार होती. कायद्यानं हौशी केंद्रांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं आणि शक्तीला एक किलोवॉटची मर्यादा घातली. एवढ्या आखूड लहरी कुणाच्या कामाच्या नाहीत, तेव्हा तिथे काय धुडगूस घालायचा तो घाला, असा त्यामागचा हिशेब होता. कुठल्या लहरीवर बोलायचं आणि किती जोरात बोलायचं, हे कायद्यानं ठरवलं. कुणाशी बोलायचं याबद्दल मात्र त्यात शब्दही नव्हता. बिनतारी म्हणजे तार नसलेला तारायंत्राचा प्रकार, त्यात एक पाठवणार आणि एक घेणार हे इतकं गृहीत होतं, की ते लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

तरी गृहीताला तडे जात होतेच. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये चार्ल्स हेरॉल्ड १९०९ पासून आपल्या बिनतारी शाळेतून बोलणं आणि संगीत हवेत सोडत होते. न्यूयॉर्कमध्ये ली डी फॉरेस्ट यांच्या केंद्रानं ७ नोव्हेंबर १९१६ च्या रात्री अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले आणि झोपायला जाण्यापूर्वी चार्ल्स ह्यूज जिंकल्याचं जाहीर करून टाकलं. सकाळी कळलं की विल्सन निवडून आलेत. निकालाच्या रात्री छातीठोकपणे बोलून तोंडघशी पडण्याची प्रथा अशी रेडिओइतकीच जुनी आहे.

कॉनरॅड यांचं केंद्र नेमकेपणानं बोलायचं तर 'हौशी' वर्गातलं नव्हतंच. त्याचं नाव ८ एक्सके. त्यातला 'एक्स' प्रयोगासाठीचा खास परवाना दाखवतो. पण माणूस हौशी, ऐकणारे हौशी आणि सगळा खटाटोपही घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा. डेट्रॉइटचं ८ एमके मात्र अगदी रीतसर हौशी परवान्यावर चालत होतं. 'डेट्रॉइट न्यूज' या दैनिकानं आपल्या इमारतीत ते बसवलं, २० ऑगस्ट १९२० ला चाचण्या सुरू केल्या आणि ३१ ऑगस्टला मिशिगनमधल्या प्राथमिक निवडणुकीचे निकाल तिथून सांगितले. एका मोठ्या वर्तमानपत्रानं हौशी परवान्याच्या आडून गावाला बातम्या द्याव्यात, याला अडवणारं कलम तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

पैसा या खेळात शिरला तो एका जाहिरातीतून. २९ सप्टेंबर १९२० च्या 'पिट्सबर्ग सन'मध्ये जोसेफ हॉर्न या मोठ्या दुकानानं छापलं, की कॉनरॅड यांचे हवेतले कार्यक्रम ऐकायचे असतील तर तयार संच आमच्याकडे मिळतील, दहा डॉलरपासून पुढे. वेस्टिंगहाऊसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांच्या नजरेला ती जाहिरात पडली. युद्धात कंपनीनं लष्करासाठी रेडिओ बनवले होते. युद्ध संपलं आणि कारखाना रिकामा पडला. डेव्हिस यांना एका क्षणात गणित सुटलं: संच घरोघरी विकायचे असतील तर रोज काहीतरी ऐकवावं लागेल. महिनाभरात ईस्ट पिट्सबर्गच्या कारखान्याच्या गच्चीवर एक खोपटं उभं राहिलं. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री त्या खोपट्यातून, शंभर वॉटच्या ट्रान्समीटरवर, हार्डिंग विरुद्ध कॉक्स या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले गेले. लिओ रोझेनबर्ग आकडे वाचत होते आणि मधूनमधून, कुणी ऐकत असेल तर कृपया कळवा, अशी विनंती करत होते. हेच केडीकेए. कॉनरॅड त्या रात्री तिथे नव्हते. गच्चीवरचं यंत्र ऐनवेळी बिघडलंच तर आपलं लावता यावं म्हणून ते विल्किन्सबर्गच्या गॅरेजमध्ये तयारीत बसले होते.

पुढचं वर्ष गोंधळाचं गेलं. कॉनरॅड यांचं पाहून गावोगावच्या हौशी पोरांनी ग्रामोफोन माइकसमोर आणले. सगळा कारभार २०० मीटरच्या आसपास. तिथेच ठिणगीवाल्या जुन्या ट्रान्समीटरांचा कडकडाट, तिथेच मोर्सचे संदेश, आणि तिथेच कुणाच्या तरी दिवाणखान्यातला वॉल्ट्झ. आधी अमेरिकेच्या व्यापार खात्यानं १ डिसेंबर १९२१ ला एक वर्गवारी केली. लोकांसाठी कार्यक्रम लावणाऱ्या केंद्रांना वेगळा व्यावसायिक परवाना, करमणुकीसाठी ३६० मीटरची लहर, हवामान आणि बाजारभावांसाठी ४८५ मीटरची. मग जानेवारी १९२२ मध्ये दुसरा फतवा निघाला: हौशी केंद्रांनी हवामानाचे अंदाज, बाजारभाव, संगीत, मैफली, भाषणं, बातम्या किंवा अशा जातीची कुठलीही माहिती वा करमणूक यापुढे लोकांसाठी हवेत सोडायची नाही.

ती बंदी कामचलाऊ म्हणून आली होती. या प्रकारच्या सेवेची काही व्यवस्था लागेपर्यंतच, असं तिचं स्वरूप होतं. आज शंभरहून अधिक वर्षं झाली, ती उठलेली नाही.

कॉनरॅड यांच्यासारख्यांनी शेत नांगरलं आणि पीक कंपन्यांनी नेलं, असं म्हणायचा मोह इथे होतो. गोष्ट तेवढी सरळ नाही. हौशी मंडळींच्या पुढाऱ्यांनाच या मैफलींचं फारसं कौतुक नव्हतं. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९१४ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डमध्ये 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' काढली, ती मुळात निरोप पोचवण्यासाठी. आपला आवाज जिथे थेट पोचत नाही तिथे मधल्या गावातल्या गड्यानं तो घ्यायचा आणि पुढे द्यायचा. हाताहाती निरोप नेणाऱ्या या पंथाला तबकड्या वाजवणारे आगंतुक वाटले तर नवल नाही. फेब्रुवारी १९२२ च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांनी रेडिओ परिषद बोलावली. तिथे 'हौशी' म्हणजे कोण याची व्याख्या करण्यात आली. पैसा वा धंदेवाईक लाभ न घेता, निव्वळ स्वतःच्या आवडीपोटी केंद्र चालवणारा, असा तिचा आशय. मैफली गेल्या, पण सरकारच्या दफ्तरात हौशी माणसाला एक नाव आणि जागा मिळाली. हा सौदा बहुतेकांना तोट्याचा वाटला नसावा.

खरा अपमान त्यानंतर झाला. १९२२ संपेपर्यंत अमेरिकेत कार्यक्रम लावणारी पाचशेहून अधिक केंद्रं झाली. घराघरांत नवे संच आले, आणि शेजारच्या पोराच्या ट्रान्समीटरची खरखर गाण्यात मिसळू लागली म्हणून तक्रारी सुरू झाल्या. १९२३ च्या उन्हाळ्यात हौशी केंद्रांवर मौनाच्या वेळा लादल्या गेल्या: रोज रात्री आठ ते साडेदहा आणि रविवारी सकाळी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असेपर्यंत. शाळकरी मुलाला नेमका मोकळा मिळणारा वेळ गेला. ज्यांच्यामुळे शेजाऱ्याच्या घरात रेडिओ आला, त्यांनीच शेजाऱ्याला ऐकू यावं म्हणून गप्प बसायचं होतं.

गंमत अशी, की बंदीचा फतवा निघण्याच्या आदल्याच महिन्यात हौशी मंडळींनी आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी कामगिरी केली होती, आणि ती एकतर्फीच होती. आखूड लहरी अटलांटिक ओलांडतात का हे पाहायला लीगनं पॉल गॉडली या तज्ज्ञाला बोटीनं ब्रिटनला पाठवलं. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन गावाजवळच्या एका ओल्या, वाऱ्यानं झोडपलेल्या रानात गॉडली यांनी तंबू ठोकला. जमिनीपासून थोड्या उंचीवर खांबांवरून शेकडो फूट लांब तार ओढली, तंबूत संच मांडला, उबेला स्टोव्ह आणि उजेडाला कंदील. सोबत साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक माणूस. कुडकुडत, कानाला हेडफोन लावून दोघं रात्र रात्र बसत. अमेरिकेतली डझनावारी हौशी केंद्रं ठरल्या वेळी ठरलेली अक्षरं हवेत सोडत होती. त्यातलं कनेक्टिकटच्या ग्रेनिचमधलं १ बीसीजी इतकं स्वच्छ आलं, की त्यावरून पाठवलेला अख्खा निरोप गॉडली यांनी उतरवून घेतला. ते केंद्र उभारणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग होते, पुढे एफएममुळे ज्यांचं नाव झालं ते. गॉडली यांच्याकडे ट्रान्समीटर नव्हताच. ऐकू आलं हे कळवायचं तर दुसऱ्या कुणाच्या तरी तारेनं.

म्हणजे दिशेचा प्रश्न कधीच नव्हता. एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकावं, हे ऐकणारा जोवर हौशी आहे तोवर चालत होतं. सरकारला खुपत होती ती ऐकणाऱ्यांची गर्दी. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ च्या अखेरीस, फ्रान्समधल्या नीस शहरातून लेआँ डेलॉय आणि कनेक्टिकटमधून फ्रेड श्नेल यांनी शंभर-सव्वाशे मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार गप्पा मारल्या. टाकाऊ म्हणून दिलेल्या लहरींवर त्यांनी ते साधलं होतं.

ब्रिटनमध्ये तोच पेच उलट्या बाजूनं उभा राहिला. तिथे लगाम पोस्ट खात्याच्या हातात. १५ जून १९२० ला चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून 'डेली मेल'च्या खर्चानं विख्यात गायिका नेली मेल्बा यांचं गाणं हवेत सोडलं गेलं आणि युरोपभर ऐकलं गेलं. पोस्ट खात्याला हा थिल्लरपणा वाटला. विमानांच्या आणि इतर महत्त्वाच्या संपर्कात व्यत्यय येतो म्हणून वर्ष सरण्याआधीच हे कार्यक्रम बंद झाले. इथे गाऱ्हाणं घेऊन पुढे आले ते हौशीच, पण ऐकणारे. त्रेसष्ट बिनतारी मंडळांनी, तीन हजारांवर सभासदांच्या वतीनं, आम्हाला नियमित काहीतरी ऐकू द्या असा अर्ज केला. मग १४ फेब्रुवारी १९२२ पासून चेम्सफर्डजवळच्या रिटल गावातून आठवड्यातून एकदा, मंगळवारी, अर्धा तास कार्यक्रम सुरू झाला. केंद्र २ एमटी, जागा एक जुनी लष्करी झोपडी, आणि कारभारी पीटर एकर्सली नावाचा इंजिनिअर. हा गृहस्थ ऐनवेळी सुचेल ते बोलायचा, थट्टामस्करी करायचा. लोकांना तेच आवडलं. मे महिन्यात मार्कोनीचं लंडनचं २ एलओ सुरू झालं तेव्हा अट आली, की दर सात मिनिटांनी तीन मिनिटं थांबायचं आणि बंद करा असा सरकारी हुकूम येतोय का ते कान देऊन ऐकायचं. गाणं अर्ध्यावर तोडून हुकुमाची वाट पाहणारं ते रेडिओ केंद्र डोळ्यांपुढे आणलं तरी हसू येतं. नोव्हेंबर १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली आणि लोकांसाठी बोलण्याचा हक्क एका जागी बांधला गेला. हौशी माणसाच्या वाट्याला उरला तो प्रयोग आणि गप्पा.

या गप्पांनाही १९२७ साली मोजपट्टी लागली. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हौशी सेवेला जगभरासाठी लहरींचे पट्टे मिळाले आणि सोबत अट आली: बोलणं साध्या भाषेत हवं, आणि विषय एक तर प्रयोगाचे किंवा खाजगी, तेही इतके किरकोळ की त्यासाठी कुणी तार करायला जाणार नाही. तारखात्याचं उत्पन्न बुडू नये हा त्यातला हिशेब उघड होता. महत्त्वाचं काही बोलायचं नाही, हे कायद्यानं बंधनकारक असलेला दुसरा छंद शोधून सापडणार नाही.

हिंदुस्थानात हौशींच्या हातून लोकांच्या रेडिओची सुरुवात झाली, तीही जवळपास त्याच वर्षांत. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई कचेरीतून, टपाल व तार खात्याच्या मदतीनं, संगीताचा एक खास कार्यक्रम हवेत सोडला गेला. फर्माईश गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची, आणि ते ऐकत होते पुण्याला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये रेडिओ क्लब निघाले. मद्रासचा क्लब १६ मे १९२४ ला स्थापन झाला आणि ३१ जुलैला त्याचे कार्यक्रम सुरू झाले, चाळीस वॉटच्या ट्रान्समीटरवर. घरातला एक दिवा जळतो तेवढ्या शक्तीवर. सभासदांची वर्गणी, उसनवारीची यंत्रं आणि हौस, यापलीकडे क्लबांकडे भांडवल नव्हतं. मद्रासवाल्यांचा पैसा १९२७ मध्ये संपला. त्याच वर्षी २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन केलं. ही कंपनी तीन वर्षंही तगली नाही. मार्च १९३० मध्ये तिचं दिवाळं निघालं, सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये त्यांचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. इथे हौशी, धंदेवाईक आणि सरकारी अशा तिन्ही अवस्था जेमतेम सात वर्षांत उरकल्या.

पण एकतर्फी बोलण्याला सरकार का भितं, हे ज्या शहरात सगळ्यात स्पष्ट दिसलं ते मुंबईच.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानातल्या हौशी केंद्रांचे परवाने थांबले. ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करा असे लेखी हुकूम निघाले. नरिमन प्रिंटर या पारशी रेडिओतज्ज्ञाच्या हाताशी मात्र ट्रान्समीटरचे भाग होते आणि ते जोडायचं कसब होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक आली, पुढारी गजाआड गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे मित्र प्रिंटर यांच्याकडे गेले. ऑगस्ट संपण्यापूर्वीच हवेत घोषणा ऐकू आली: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कुठूनतरी. रेडिओची जाण असलेल्याला त्या आकड्यात ओळखीचं काहीतरी दिसेल. ४२.३४ मीटर म्हणजे सात मेगाहर्ट्‌झच्या जरा वर. हा पट्टा १९२७ च्या करारानं हौशी मंडळींना, किरकोळ गप्पांसाठी, दिलेला होता.

त्या लहरीवर आता किरकोळ काहीच नव्हतं. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चांदा जिल्ह्यातलं चिमूर, इथे पोलिसांनी आणि लष्करानं काय केलं हे छापायची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. ते काँग्रेस रेडिओवरून सांगितलं गेलं. जमशेदपूरचा संप, चितगावचा बॉम्बहल्ला, राममनोहर लोहियांची भाषणं. बोलणाऱ्यांत अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धनही होते. केंद्र सारखं जागा बदलत होतं: चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, मग महालक्ष्मी. एका जागी फार दिवस थांबलं की पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या वास काढत येत. ट्रान्समीटरचं हेच दुखणं आहे. ऐकणारा कुठेही लपून ऐकू शकतो. बोलणारा मात्र प्रत्येक शब्दागणिक आपला पत्ता देत असतो. सरकारकडून त्या लहरीवर खरखर सोडून आवाज दडपायचे प्रयत्नही झाले.

शेवटी पत्ता यंत्रानं लागला नाही, माणसानं लागला. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडले आणि त्यांच्यामागोमाग पोलीस महालक्ष्मीजवळच्या 'पॅरेडाइज' बंगल्यावर पोचले. दारं फोडून ते आत आले तेव्हा कार्यक्रम चालूच होता आणि शेवटची 'वंदे मातरम्'ची तबकडी लावली होती. ती बंद करायला उषा मेहतांनी साफ नकार दिला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यात भोगली. सहकारी बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची. पुढे उषा मेहता मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

स्वतंत्र भारतानं हौशी रेडिओसाठी १९७८ मध्ये नियम केले, त्यात निषिद्ध गोष्टींची यादी आहे. करमणुकीचं वा संगीताचं प्रक्षेपण नको, रेडिओच्या कार्यक्रमांची किंवा टेपची पुनरावृत्ती नको, बातम्या नकोत, जाहिराती नकोत, धंद्याचं बोलणं नको, राजकीय किंवा औद्योगिक वादाच्या विषयांवर मतं नकोत. जानेवारी १९२२ च्या अमेरिकन फतव्यातली संगीत आणि बातम्यांची जोडी इथे आहेच; राजकारणाचं कलम मात्र साम्राज्याच्या पठडीतलं वाटतं. जी गोष्ट केल्याबद्दल उषाबेनना पद्मविभूषण मिळालं, ती आजही या नियमांत बसत नाही.

अमेरिकेच्या नियमांत बंदी तशीच आहे, पण तिला पळवाटा नव्हे, चांगल्या रुंद वाटा आहेत. सर्वसामान्य जनतेसाठी असलेलं प्रक्षेपण नाही म्हणजे नाही. त्याखेरीज एकतर्फी बोलायची मुभा कधी? यंत्र जुळवताना थोडा वेळ. 'कुणी आहे का' अशी साद घालताना, कारण त्यातून संवाद सुरू होणार असतो. आणीबाणीत. मोर्स शिकणाऱ्यांना सराव देताना. आणि हौशींसाठी हौशींच्या बातम्या सांगताना. कनेक्टिकटमधल्या न्यूइंग्टनचं डब्ल्यू१एडब्ल्यू हे लीगचं केंद्र १९३८ पासून तिथून हेच करत आलंय. १९३६ मध्ये वारलेल्या मॅक्झिम यांच्या स्वतःच्या केंद्राचंच ते नाव, त्यांच्या स्मरणार्थ या केंद्राला दिलेलं. अवकाशयानांचा अपवाद तर आणखी मजेशीर: नासाच्या संमतीनं स्पेस शटलमधलं बोलणं हौशी लहरींवर पुन्हा ऐकवायला परवानगी मिळाली. एरवी रेडिओचे कार्यक्रम पुन्हा लावायला मनाई, अंतराळवीरांचं बोलणं मात्र चालेल.

सगळ्यात निखळ एकतर्फी प्रेषण म्हणजे दीपस्तंभ केंद्रं. १४.१ मेगाहर्ट्‌झवर जगभरातली अठरा केंद्रं एकामागून एक, प्रत्येकी दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पुरी करतात. प्रत्येक जण आधी मोर्समध्ये आपलं नाव सांगतो आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब खुणा सोडतो: पहिली शंभर वॉटवर, दुसरी दहा, तिसरी एक आणि चौथी एक दशांश वॉटवर. कोलंबोच्या केंद्राची चौथी खूण ऐकू आली तर त्या दिशेला वाट आज मोकळी आहे असं समजायचं. यात ना गाणं ना बातमी. ऐकणाऱ्यालाही त्यातून एवढंच हवं असतं, की आत्ता बोललं तर कुठवर पोचेल.

कॅलिफोर्नियातल्या काही हौशींनी १९६१ मध्ये असाच एक दीपस्तंभ अवकाशात नेला. साडेचार किलोची पेटी, घरच्या गॅरेजांत जोडलेली. अमेरिकी हवाई दलाच्या अग्निबाणावर तोल सांभाळायला ठेवायच्या वजनाच्या जागी ती बसवून घेण्यात आली, आणि तिला बाहेर ढकलायला दुकानात मिळणारी एक साधी स्प्रिंग लावली. १२ डिसेंबरला व्हँडेनबर्ग तळावरून ऑस्कर-१ कक्षेत गेला आणि १४० मिलिवॉटच्या ट्रान्समीटरवर मोर्समध्ये 'एचआय', 'एचआय' म्हणत राहिला. त्याचा वेग पेटीतल्या तापमानाप्रमाणे बदलायचा, म्हणजे तो नमस्कारही होता आणि मोजमापही. तीन आठवडे तो पृथ्वीभोवती फिरला; अठ्ठावीस देशांतल्या पाचशे सत्तरहून अधिक हौशींनी तो ऐकल्याचं लिहून कळवलं. उपग्रहातून येणाऱ्या मोजमापांना एकतर्फी बोलायची मुभा पुढे नियमांतच आली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ वर गेला. वजन एक किलोला दहा ग्रॅम कमी. त्याच्यातही हौशी लहरींवर आपली ओळख आणि प्रकृती सांगणारा दीपस्तंभ होता. पण विद्यार्थ्यांनी त्यात आणखी एक सोय ठेवली होती: एका जागच्या हौशीनं वर निरोप पाठवायचा, उपग्रहानं तो जपून ठेवायचा आणि पृथ्वीवर दुसरीकडे कुणी मागितला की खाली सोडायचा. पूर्वी हार्टफर्डचा निरोप पुढच्या गावी न्यायला मॅक्झिम यांना मधल्या गावातला गडी लागायचा, ते काम इथे ही पेटी करणार होती.